चव्वेचाळीसाव्या वर्षीची डॉक्टर

स्नेहल मेश्राम इंग्लंडातल्या लीड्सच्या एका इस्पितळात, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट होती. पोरांना अंघोळ घालायची, ताप बघायचा, उलटीचं भांडं धरायचं. वय अठ्ठावीस. याच वॉर्डातली डॉक्टर व्हायचं हे तिनं नऊ वर्षांपूर्वी ठरवलेलं, आणि मेडिकल स्कूलनं तीनदा नाही म्हटलेलं.

तिचे वडील हरिदास नागपूरहून येऊन इथं बस चालवून रिटायर झालेले. हिशोब त्यांचा पाठ होता. "मेडिसिनची पाच, मग इस्पितळातल्या फाउंडेशन ट्रेनिंगची दोन, मग मुलांचं आणि कॅन्सरचं मिळून आठ. चव्वेचाळीसाव्या वर्षी कन्सल्टंट, वॉर्डाची मोठी डॉक्टर! माझी आई गयाबाई साठीत सही शिकली. आपल्याकडे शिकायला उशीर होत नसतो."

कामावरून आल्यावर क्लास करून स्नेहलनं केमिस्ट्रीची परीक्षा पुन्हा दिली, ग्रेड सुधारली. चौथ्या खेपेला पहिल्यांदाच इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं.

वॉर्डातल्या नऊ वर्षांच्या मेगनला तिनं ते सांगितलं. मेगननं बोटं मोजली. "तू डॉक्टर होशील तेव्हा मी पंचवीसची! मग मला कशी तपासशील? तू तर लहान मुलांची डॉक्टर."

स्नेहल हसली. मेगनला शेवटचं औषधही लागू पडलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी मेगन गेली. बुधवारी इंटरव्ह्यू होता.

प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, वेगळा प्रश्न; तीन खोल्या नीट पार पडल्या. चौथीत एका बाईंनी विचारलं, "आपल्या हातात काहीच उरलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा." स्वयंपाकघरात बाबांसमोर दहादा घोकलेलं उत्तर होतं. स्नेहलनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. ती ग्लासाकडे बघत राहिली. वेळ संपल्याची घंटा वाजली.

मार्चमध्ये नकार आला.

"आपण पत्र लिहू," हरिदास म्हणाले. "वॉर्डातली मुलगी इंटरव्ह्यूच्या दोनच दिवस आधी गेली होती, हे कळवू."

"नको, बाबा. त्यांची चूक नाही. उद्या आईबापांना असं काही सांगायचं असलं, तर मी अशीच गप्प बसणार?"

"माणूस शिकतो, पोरी."

"नऊ वर्षं शिकली मी. आता नाही होत."

हरिदास टेबलापासून उठले. त्यांनी चहाचे कप धुतले. ऑक्टोबरात पुढच्या अर्जाची मुदत आली आणि गेली; घरात कुणी अर्जाचं नाव काढलं नाही.

स्नेहल त्याच वॉर्डात आहे. नवे आलेले आईबाप कधी तिलाच डॉक्टर समजतात आणि विचारतात, "बरा होईल ना हो आमचा मुलगा?"

"डॉक्टरांना बोलावते," ती म्हणते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता बाहेर पडते.