फोटोसाठी काढलेल्या चपला

"चप्पल काढ गं. हो, तूच. काढ आणि तिकडं मागं ठेव."

मी तिसरीत होते. उरणकडच्या आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात, रांगेत उभी. रेवसहून खाडी ओलांडून एका संस्थेच्या बाया दप्तरं वाटायला आल्या होत्या. हे बोलणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत होते. मांडव्याकडं त्यांची नारळी-पोफळीची वाडी. साडी कडक इस्त्रीची, आवाज गोड. माझ्या पायांत नव्या लाल चपला होत्या, मागून पट्टा असलेल्या. आठवडाही झाला नव्हता.

त्या चपला बाबांनी आणल्या होत्या. बाबा मिठागरावर. खारं पाणी आणि मीठ यांत दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. बाजारातून येऊन त्यांनी स्वतः माझ्या पायांत चपला घातल्या, पट्टा लावला आणि म्हणाले, "माझं पाय मिठानं खाल्लं. तुझं न्हाय खाऊ द्यायचं."

त्या चपला मी काढल्या. मोठ्या माणसांनी सांगितलं की ऐकायचं, एवढंच माहीत होतं. सगळ्या पोरांच्या चपला शाळेच्या मागं ढिगात पडल्या. भर दुपारी फरशी तापलेली. मी बोटं आत वळवून उभी राहिले. ताईंनी दप्तर माझ्या हातात दिलं, पण स्वतःचा हात काढला नाही. फोटो नीट आला नाही म्हणून परत काढला. हसू नकोस, म्हणाल्या.

नंतर ढिगात माझ्या चपला नव्हत्या. नव्या होत्या, कुणीतरी नेल्या. घरी मी सांगितलं, खेळताना हरवल्या. आईनं पाठीत धपाटा घातला, आठ दिस न्हाय टिकल्या म्हणाली. ताईंनी काढायला लावल्या हे मी का नाही सांगितलं? दप्तर परत घेतील अशी भीती होती. खरंच. एका दप्तरासाठी मी खोटं बोलले.

घरात म्हणतात, हिला राग लवकर येतो. कसला लवकर! हा राग यायला बारा वर्षं लागली.

आता मी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा एक गट आहे. काही कंपनीत नोकरी करणारे, काही माझ्यासारखे विद्यार्थी. दर रविवारी बसतो आणि आसपासच्या संस्थांना फुकट वेबसाइट बनवून देतो. मला ते काम आवडतं. एका वृद्धाश्रमाची साइट मी एकटीनं केली. तिथले एक आजोबा मोबाइलवर स्वतःचं नाव शोधून शोधून बघतात, असं कळलं तेव्हा काय बरं वाटलं होतं.

या वर्षी हे काम प्रोजेक्ट म्हणून धरायचं ठरलं. अट एकच, संस्थेच्या सहीशिक्क्याचं पत्र. आमचा गट बघणाऱ्या केतनदादानं माझ्याकडं एक संस्था दिली. पेन ड्राइव्ह आला. जुन्या फोटोंचं फोल्डर उघडलं आणि मीच समोर. तिसरीतला फ्रॉक. तेच दप्तर. बोटं आत वळवलेले तेच पाय.

शेजारी बसलेला केतनदादा वाकून म्हणाला, हाच घे, भारी आहे, असा इमोशनल एक पाहिजेच. संस्था त्याच ताईंची, फोनवर त्यांचाही तोच आग्रह. पहिल्या पानावर, मोठा. वर ओळ त्यांनीच दिली: अनवाणी पावलांना दिशा.

ती ओळ मी माझ्या हातानं टाइप केली. चेहरा उजळ केला, पाय नीट दिसतील असा फोटो कापला. पत्र हवं होतं ना. मनाला सांगितलं, कोण ओळखणार आहे? पण घरी बाबांच्या टाचा बघवेनात. पोरीला चप्पल घेऊ न शकणारा बाप म्हणून मी त्यांना जगासमोर मांडलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मग नवे फोटो काढायचं निघालं. साइटवर ताजे फोटो हवेत. मी कॅमेरा घेऊन तरीच्या होडीनं रेवसला उतरले, तिथून रिक्षानं एका शाळेत. पटांगण, रांग, दप्तरांचा ढीग. ताईंचे केस पिकलेत, आवाज तोच गोड. त्यांनी मला ओळखलं नाही. मुलांकडं बघत म्हणाल्या, चपला काढायला सांग गं सगळ्यांना, पाय दिसू देत.

आणि मी सांगितलं. कॅमेरा गळ्यात अडकवलेला, मान खाली, मी रांगेतल्या पहिल्या मुलीला म्हणाले, "चप्पल काढ."

तिनं पाय मागं घेतला. "नव्या हायत. कुनी नेल्या म्हंजे?"

आठ वर्षांच्या पोरीला जे बोलता आलं ते मला तेव्हा आलं नव्हतं. आताही येत नव्हतं. मला माझीच किळस आली. मी तिला म्हणाले, राहू दे, काढू नकोस. ताईंना सांगितलं, फोटो चपला घालूनच निघेल.

ताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, चपला घातलेल्या मुलांना मदत कोण करतं?"

मी म्हणाले, "साइटच्या पहिल्या पानावर आहे ती मुलगी मी आहे. त्या दिवशी माझ्या पायांत चपला होत्या. तुम्ही काढायला लावल्या."

वाटलं, आता ओशाळतील. निदान खाली बघतील. त्यांनी माझ्या पायांतल्या बुटांकडं बघितलं आणि चेहरा असा फुलला म्हणता! "म्हणजे आमच्यामुळं तू इथवर आलीस! मग दोन्ही फोटो शेजारीशेजारी टाकू. आधी आणि नंतर."

माझं शिक्षण मिठागरावर झालंय. बाबांच्या टाचांवर झालंय. ते एका दप्तराच्या नावावर चढवायला निघाल्या होत्या, आणि मीच त्यासाठी उभं राहून हसायचं. तिथंच, त्यांच्यासमोर, मोबाइल काढला आणि तो फोटो आणि ती ओळ साइटवरून काढून टाकली. कॅमेरा पिशवीत घातला आणि निघाले.

पत्र मिळालं नाही. प्रोजेक्ट पुढच्या सहामाहीत पुन्हा करायचाय. केतनदादा म्हणाला, फोटोच तर आहे यार, एवढं काय. त्यानं साइट दुसऱ्याला दिली. बाबांना मी चपलांचं खरं सांगितलं. त्यांनी ऐकलं, उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रात्री जेवले नाहीत.

तो फोटो संस्थेनं साइटवर परत लावलाय. मी माझ्या पूर्ण नावानं संस्थेला लिहिलंय, फोटो माझा आहे, माझी परवानगी नाही, काढा. उत्तर नाही. दर सोमवारी परत लिहिते. फोटो उतरेपर्यंत लिहीन. ती साइट बघितलेलं कुणी भेटलं, तर त्याला खरं सांगेन.

फुकट वेबसाइट मी यापुढंही बनवीन. पण फोटोतल्या माणसाला आधी विचारीन, तो नको म्हणाला तर ती जागा रिकामी राहील. ज्याला दान द्यायला समोरचा अनवाणीच लागतो, त्याचं काम माझ्या हातून होणार नाही. मार्क जाऊ देत, वर्ष जाऊ दे. "चप्पल काढ" हे मी एकदा ऐकलंय आणि एकदा बोललेय. आता दोन्ही नाही.