वर्षश्राद्ध आणि दक्षिणेचा समुद्र

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी यंदाची पहिली अवरेकाई, वालाच्या शेंगा, आणली. नळाला पाणी उशिरा आलं. अकराच्या सुमारास धाकटे दीर बिंदुमाधव राजाजीनगरहून आले. जेवणाच्या टेबलावर त्यांचं आणि आमच्या सुनेचं, आसावरीचं, जुंपलं.

आसावरी मूळची धारवाडची. वडील शाळेत भूगोल शिकवत, पण समुद्र तिनं प्रथम पाहिला तो लग्नानंतर, कारवारला. माझा मुलगा रघुनंदन कॅमेरा सावरत उभा होता आणि ही पाण्यात बोट बुडवून चाखत होती. आज ती इथल्या एका संशोधन संस्थेत समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा तपासते. सगळं काम टेबलाशी बसून. जहाजावर जायची संधी दोनदा आली. एकदा बाळंतपण आडवं आलं, एकदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन. आता दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत पुन्हा नाव लागलंय. उद्या सकाळी कळवायचं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि या वयात चौथ्यांदा कोणी विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

अडचण एकच. यांना जाऊन जानेवारीत वर्ष होतं. श्राद्धाचा स्वयंपाक घरच्या सुनेनं मडीत, म्हणजे सोवळ्यात, करायचा ही आमची रीत. आणि जानेवारीत ही बर्फात.

"वर्ष व्हायच्या आत समुद्र ओलांडायचा?" भावजी म्हणाले. "पुढच्या वर्षी जा की. समुद्र काय पळून जातोय?"

"पळत नाही काका, बदलतोय," आसावरी म्हणाली. "बर्फ वितळलं की वरचं पाणी गोडं व्हायला हवं. बरीच वर्षं तसंच दिसत होतं. आता दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी वरचं पाणी खारट होतंय, आणि बर्फ तरीही घटतंय. उपग्रहाला हे वरून दिसतं. ते खरं का, हे पाण्यात उतरून बघायला हवं. यंदाचं पाणी पुढच्या वर्षी कुठून आणू?"

"खारट झालं तर झालं. त्यानं काय होतं?"

तिनं उठून काचेचा पेला आणला. तळाला कोमट मिठाचं पाणी, त्यात चिमूटभर हळद. वरून फ्रिजमधलं साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडलं. खाली पिवळं, वर नितळ, अगदी वेगळं राहिलं.

"हे वरचं गोडं पाणी म्हणजे झाकण. खालची ऊब खालीच राहते." मग तिनं वर मीठ भुरभुरवलं. झाकण मोडलं, पिवळं वर चढलं. "आता ती ऊब बर्फाला खालून खाते."

भावजींनी चष्मा काढून पेला पाहिला. "समुद्र पेल्यात मावतो होय गं?"

"नाही ना, म्हणूनच जायचंय!"

रघुनंदन हसला. भावजी चिडले. "आणि तिथं मडी कसली पाळणार?"

"कडक पाळतात. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तर पाणी फेकून द्यायचं. घामाचं मीठ चालत नाही. तुमच्या भटजींपेक्षा आमचे प्रमुख कडक आहेत."

"ते असू दे. इथे स्वयंपाक कोण करणार?"

आसावरी माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही कराल?"

आमच्यात केशवपन न करता केस राखलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चालत नाही. तिला हे माहीत होतं. माहीत असूनच तिनं भावजींसमोर विचारलं.

"करीन," मी म्हटलं.

"वहिनी, मी त्या पंगतीला बसणार नाही."

"गेले दहा महिने माझ्या हातचं दोनदा वाढून घेता, भावजी."

"ते जेवण. हे श्राद्ध."

"काका," आसावरी म्हणाली, "बाबांना आईंच्याच हातचं आवडायचं. तुम्ही पंगतीला या, नाहीतर येऊ नका. मी जाणार. आणि हे मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय." तिथंच, सगळ्यांसमोर, फोनवर होकार लिहिला आणि पाठवून दिला.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून भावजी उठले. रघुनंदन त्यांना रिक्षापर्यंत सोडून आला.

तोवर आसावरीनं माळ्यावरची लोकरीच्या कपड्यांची पेटी खाली ओढली होती.

संध्याकाळी तिचे दोन जाड पायमोजे धुतले. पाऊस भुरभुरतोय, म्हणून जिन्याच्या कठड्यावर वाळत घातले. अजून ओलेच आहेत.