मोठी माय आणि बाहेरची चूल

आमच्या घरात सगळ्यांत आधी जेवायची ती मोठी माय. पुरुषांच्याही आधी. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं की ती आपल्या खोलीतून ताट घेऊन बाहेर यायची, भिंतीला पाठ लावून मांडी घालायची आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत पोटभर जेवायची. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा ते पाहून मलाच लाज वाटली. माझ्या माहेरी बाईमाणूस जेवताना कुणाला दिसत नसे. आई कधी जेवते हे मला लहानपणी कळलंच नव्हतं.

मोठी माय म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले सासरे लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. तिने तरुणपणीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. आमच्याकडे अशा माणसांना उपदेशी म्हणतात. उपदेशी माणूस मटण-मासळी खात नाही, आणि मोठी माय तर ज्या चुलीवर ते शिजलं त्या चुलीवरचं गरम पाणीसुद्धा घेत नसे. आमचं घर मात्र खाणारं. डोणगावच्या बाजाराच्या दिवशी मटण यायचंच. म्हणून आमच्याकडे तीन चुली होत्या. एक रोजच्या स्वयंपाकाची, एक मोठ्या मायच्या खोलीतली तिची एकटीची आणि तिसरी मागच्या अंगणात गोठ्याजवळ, तीन दगडांची. मटण फक्त या बाहेरच्या चुलीवर. वहिनीच्या नेमाला बाध नको म्हणून सासऱ्यांनीच ती बाहेर काढली होती. त्या दिवशी मोठी माय दुपारनंतर वावरात निघून जायची आणि भांडी घासून पालथी पडली की परत यायची.

नेमाच्या बाबतीत ती फार कडक होती. एकदा घाईघाईत मी तिच्या गडव्याने, म्हणजे तिच्या वेगळ्या तांब्याने, पाणी घेतलं. ती काही ओरडली नाही. फक्त राखेचं टोपलं माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाली, "घास आता. हात दुखले की ध्यानात राह्यते." गडवा असा लखलखीत झाला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं, तेव्हा तिने तो घेतला. त्यानंतर तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेले तरी मी हात मागे बांधून उभी राहायची. ती हसायची. "गडवा चावत नाही बाई," म्हणायची.

तिचं जेवण साधं होतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण नाहीतर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि मोठा पेला भरून ताक. पण भाकर तव्यावरून उतरली की ताटात. शिळं ती खात नसे आणि उभ्याने खात नसे. वयाने सासऱ्यांपेक्षा मोठी, तरी कापूस वेचायला लागली की तरण्या बायांच्या पुढे ओळ न्यायची. हायब्रीड ज्वारी नुकतीच आली होती त्या वर्षी खळ्यावरून घरापर्यंत पोती वाहायला गडी कमी पडले, तर हिने पदर खोचला आणि अर्धं पोतं डोक्यावर घेऊन निघाली. बायका विचारायच्या, मोठी माय, तुम्ही तर मटणाला शिवत नाही, मग एवढा जोर कुठून येतो? ती म्हणायची, "भूक लागली की खाते मी. तुम्ही भूक मेली की खाता."

सासऱ्यांना हे बोलणं पटत नसे. मटण खाल्ल्याशिवाय माणसाचं काही खरं नाही असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ते मोठी माय जेवायला बसली की नेमकं काढायचे.

"वैनी, मानसाले मटन पाह्यजेच. नाही तं अंगात ताकद येत नाही."

"भाऊजी, तुमच्या गोठ्यातला ढवळ्या कोनतं मटन खाते?"

"तो बैल हाये."

"मंग उद्या एखांदा वाघ आना अन् जुंपा वखराले."

ओसरीत बसलेली माणसं हसायची. सासरेही हसायचे, पण हार मानायचे नाहीत. "बैल दिवसभर चरते वैनी. मानूस दिवसभर चरला तं वावर कोन पाहीन?" मोठी माय भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, "म्हून तं येळेवर जेवा लागते." असं ते वर्षानुवर्षं चालू होतं. दोघांपैकी कुणाला ते संपायला नको होतं असं मला वाटतं.

तिने कुणाला मटण सोड असं मात्र कधी सांगितलं नाही. शेजारची एक म्हातारी एकदा विचारत होती की खाल्लं तर पाप लागतं का. मोठी माय म्हणाली, "माहं मी सोडलं. तुमचं तुम्ही पाहा. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये." ही तिची रीतच होती. माझ्यासाठी ती तिने मोडली.

माझं पहिलं मूल दिवस भरायच्या आत गेलं. त्यानंतर दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माझी अवस्था अशी होती की विहिरीवरून एक घागर आणली तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. नखं पांढरी पडली होती. आमच्या ह्यांनी मला बैलगाडीतून मेहकरला नेलं. डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, अंगात रक्त नाही, अशाने हे बाळंतपण दोघांच्या जिवावर येईल. गोळ्या दिल्या आणि कलेजी, मटण, अंडी खायला घाला म्हणाले.

सासऱ्यांनी ते ऐकलं आणि ओसरीत येऊन सांगितलं, "पाहा वैनी. आता तं डाक्टर बी तेच म्हनते."  सासरे मनाने मोठे. पुढच्याच बाजारापासून ते जास्तीचं मटण आणायला लागले, आणि कलेजी आठवणीने. मी मात्र पिवळीच राहिले. सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, कपाळाला हात लावून म्हणायची, "इतकं शिजून राह्यलं घरात, अन् हिच्या अंगी काऊन लागत नाही?"

एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची भांडी घासत होते. मोठी माय जवळ येऊन उभी राहिली.

"काल कलेजी कशी होती?"

"रस्सा चांगला झाला होता," मी म्हणाले.

"म्या रस्स्याचं नाही इचारलं."

मी खाली मान घालून घासत राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला कळायचं ते कळलं. आमच्याकडे पंगत पुरुषांची आधी बसायची. बोट्या, म्हणजे मटणाचे तुकडे, त्यांच्या ताटात जायच्या. मग पोरं बसायची, ती हाडं चोखायची. शेवटी आम्ही बाया, आणि तोवर भांड्यात रस्सा असायचा, तोही पाणी घालून वाढवलेला. सासरच्या या खाणाऱ्या घरात एवढे दिवस काढून माझ्या दातांखाली बोटी क्वचितच आली होती. आत्याबाईंच्या तरी कुठे आली होती? कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. वाढायची रीतच तशी होती आणि ती कुणाला दिसत नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मटण शिजायला लागलं आणि मोठी माय वावरात गेली नाही. ती मागच्या अंगणात आली आणि बाहेरच्या चुलीपासून हातभर अंतरावर एका दगडावर बसली. नाकाला पदर लावलेला. आत्याबाईंच्या हातातला पळा तसाच राहिला.

"मोठ्या बाई, तुम्ही इथं? वास येईन ना."

"येऊन राह्यला. नाक हाये मले."

मटण उतरलं. आत्याबाई ओसरीतली ताटं वाढायला निघाल्या तेव्हा मोठी माय म्हणाली, "धाकले, पयले हिचं ताट वाढ."

"हिचं? ओसरीत बसले हायेत ना सारे. त्याइचं तं होऊ द्या."

"ओसरीतल्याइची पोटं सुटली हायेत. हिच्या पोटातलं लेकरू सुकून राह्यलं."

उशीर का होतो ते पाहायला सासरे मागे आले. वहिनीला त्या चुलीशी बसलेली पाहून ते दारातच थांबले.

"भाऊजी," मोठी माय म्हणाली, "डाक्टरनं मटन कोनाले सांगतलं होतं?"

"सुनेले."

"मंग आतापावतर खाल्लं कोनं?"

सासऱ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई भांड्याकडे पाहत होत्या. "बाईनं घरधन्याच्या आंधी जेवा लागते काय?" त्या हळूच म्हणाल्या.

"मी रोज जेवते. कोनाचं काय गेलं?"

 सासरे म्हणाले, "वाढा तिले," आणि ओसरीत जाऊन बसले.

माझ्यासमोर ताट आलं. कलेजी, बोट्या, गरम भाकर. मी भाकरीचा तुकडा मोडून नुसता हातात धरून बसले. सासू समोर, सासरे आणि सगळे पुरुष माझ्यासाठी थांबलेले. मोठ्या मायच्या ते ध्यानात आलं. ती दगडावरच फिरली आणि ओसरीकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून बसली. तिच्या पाठीआड मी कुणाला दिसत नव्हते. "मी पाहात नाही," ती म्हणाली. "खाय." तिच्या रुंद पाठीमागे बसून मी जेवले. त्या ताटातलं काहीच मी टाकलं नाही.

नंतर ती विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. थंडीचे दिवस होते. त्या संध्याकाळी तिच्या खोलीतली चूल पेटली नाही. मी दाराशी जाऊन विचारलं तर म्हणाली, "माह्या नेमाचं मी पाहीन. तू झोप जाय." जेवण ज्या बाईचा जीव, ती माझं बाळंतपण होईपर्यंत प्रत्येक मटणाच्या दिवशी त्या दगडावर बसली, आंघोळ केली आणि उपाशी झोपली. त्या दिवसांत पंथाच्या आश्रमात सत्संगाला जायची तेव्हाही नेम मोडला म्हणून पंगतीत आपणहून कडेला बसायची, असं तिच्या सोबतच्या बायांनी मला सांगितलं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "कडेले बसलं की वाढनारा दोनदा येते."

एक दिवस तिने आत्याबाईंनाही हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं. "तू बी बस धाकले. किती वर्सं नुसतं हुंगून राह्यली." आत्याबाईंनी बोटी तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट जास्त झालं, म्हणाल्या.

माझी मोठी मुलगी सुखरूप झाली. मीही वाचले. मटणाने वाचले की गोळ्यांनी, की पोटभर आणि गरम जेवल्याने, हे मला सांगता येणार नाही. मुलगी रांगायला लागली तेव्हा मी मोठ्या मायला म्हणाले, मलाही उपदेश घ्यायचाय, मी मटण सोडते. मला वाटलं ती खूश होईल. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "माह्यासाठी सोडू नको," म्हणाली. "देवासाठी सोडशीन तं सोड, नाही तं नको. अन् लेकरू अंगावर पिते तोवर काहीच सोडू नको."

मी सोडलं नाही. आजही कधीमधी खाते. पण भूक लागली की खाते आणि बसून खाते. माझ्या सुना माझ्याबरोबर बसतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी मोठी माय आजारी पडली. आधी ताप, मग खोकला, मग अन्नच जाईना. ते रुंद अंग खाटेवर चिपाडासारखं झालं. तिच्या खोलीतल्या चुलीवर तिचं पथ्याचं मीच करायची. तेवढी परवानगी तिने मला दिली होती. आता गावातही दवाखाना झाला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, वय झालंय, ताकदीचं काही पोटात गेलं पाहिजे. सासरे उठून खाटकाकडे गेले आणि बकऱ्याचे पाय घेऊन आले. आत्याबाईंनी ते बाहेरच्या चुलीवर दिवसभर उकळले आणि संध्याकाळी ते पाणी वाटीत गाळून माझ्याकडे आणलं.

"मुगाच्या पान्यात घाल. तिले नाही समजनार. जीव वाचते तिचा."

मी वाटी घेतली नाही.

"पाप लागलं तं मले लागू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "त्या चुलीपाशी ती तुह्यासाठी बसली. इसरली काय?"

"नाही विसरले," मी म्हणाले.

"मंग घाल."

मी त्या घरात मोठ्यांपुढे कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी म्हणाले, "आत्याबाई, तिने मला विचारलं, यात काय आहे, तर मी काय सांगू?"

 दारात सासरे उभे होते. सगळा जन्म वहिनीला मटण किती गरजेचं ते पटवून देण्यात घालवलेला माणूस. ते आत आले, आत्याबाईंच्या हातातून वाटी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर गेले. बराच वेळ ते अंगणातून परत आले नाहीत.

मी मुगाचं पाणी गाळलं, मीठ घातलं आणि मोठ्या मायपाशी घेऊन गेले. डोकं मांडीवर घेतलं. तिने डोळे उघडले आणि चमच्याकडे पाहिलं.

"काय हाये यात?"

"मूग अन् मीठ."

"अजून?"

"अजून काही नाही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने तोंड उघडलं. वाटीतलं सगळं प्यायली.

त्या महिन्याच्या शेवटी ती गेली. पायाचं पाणी दिलं असतं तर राहिली असती, असं गावात काही जण म्हणाले. असेलही. मला ते माहीत नाही. तिने विचारलं तेव्हा मला तिच्या डोळ्यांत पाहून सांगता आलं, एवढंच माझ्यापाशी आहे.