अंडीवाली आणि बंद सीमा

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या शनिवारच्या बाजारात ती अंडी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. आमचं फक्त भांडण व्हायचं. मी घासाघीस सुरू केली की ती पेटीचं झाकण धाडकन लावायची आणि त्यावर दोन्ही कोपरं टेकून बसायची.

करोनात माझी बायको लेकीच्या बाळंतपणासाठी सिडनीला, टूनगॅबीला गेली आणि तिकडेच अडकली. लस घ्या आणि राज्यांच्या सीमा उघडा, असं कॅनबेराचं केंद्र सरकार सांगत होतं. आमचं पर्थचं राज्य सरकार मात्र ढिम्म हलत नव्हतं. मी बाजारात उभा राहून पर्थला शिव्या घालायचो. अंडीवाली पर्थच्या बाजूची. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं खाणीतल्या धुळीने कामातून गेली होती.

"कॅनबेराचं काय जातं सांगायला?" ती म्हणायची.

"आणि माझी बायको?"

"मेट, ती सीमेच्या आत असती, तर तूही माझ्याच बाजूने भांडला असतास."

मी आणखीच चिडलो.

अखेर सीमा उघडली. पहिल्याच शनिवारी मी बायकोला मिरवत बाजारात नेलं. अंडीवाली मास्कआडूनही दिसेल इतकी हसली.

"हीच का ती?"

बायकोने सवयीने विचारलं, "काही कमी होईल?"

अंडीवालीने लगेच कमी केलं! वर दोन अंडी जास्त घातली.

बायको घरापर्यंत हसत होती. माझा राग अजून गेलेला नाही. पण अंडी घेताना आता मी बायकोलाच पुढे करतो.