अपंगाच्या दाखल्याची तालीम

फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला. अपंगाचा दाखला मिळाला, तरच सरकारी मदत सुरू होणार होती. साताऱ्याला तपासणी होती, म्हणून आदल्या दिवशी मी घरीच तालीम घेतली. शाळेत शास्त्रात दोनदा नापास झालेला मी चष्मा लावून डॉक्टर झालो.

“शर्टाची बटणं लावता येतात?”

“येत्यात की!” दादा ताठ बसून म्हणाले.

“आवं दादा, रोज वहिनी लावत्यात न्हवं? खरं सांगायचं.”

“फौजेच्या मेडिकलला न्हाई म्हणलं की घरी पाठवत्यात, गड्या.”

आम्ही हसलो. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. शेवटी मीच मोठा शहाणा, म्हणालो, “मग दावा लावून.”

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून बटणापाशी नेला. तो मांडीवर पडला. पुन्हा नेला, पुन्हा पडला. स्वयंपाकघरातून आलेल्या वहिनी दारातच थांबल्या.

“न्हाई येत, साहेब,” दादा मान खाली घालून मला म्हणाले.

उत्तर अगदी बरोबर होतं. लहानपणी माझ्या सदऱ्याची बटणं ज्यांनी लावली, त्यांच्याकडून मी ते वदवून घेतलं होतं.