क्लार्कची मागची मिसल

इंग्रजी भाषेची एवढी काळजी खुद्द इंग्रजांनीही केली नसेल, जेवढी शहागंजातल्या आमच्या शेजारच्या काकांनी केली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली आणि कचेरीतली उर्दूही गेली. काका तिथं जुन्या कागदांचे राखणदार. वय पंचेचाळीस, उर्दू अक्षर बघत राहावं असं, घरात लग्नाच्या दोन मुली. आणि वरून हुकूम आला की वर्षाच्या आत इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. त्या दिवसापासून माणसाची झोप उडाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली.

शिकवणी कसली, माझीच उलटतपासणी! जुन्या कचेरीत मागची मिसल, म्हणजे आधीची फाईल, जोडल्याशिवाय नवा कागद पुढं सरकत नसे. काकांनी तोच कायदा इंग्रजीला लावला. 'टेबल' म्हटलं की पेन खाली. "मास्तर, हा शब्द आला कुठून? आधी कुणाच्या घरी होता? खानदान माहीत नसताना भरवसा कसा ठेवायचा?" अहो, टेबल म्हणजे टेबल, त्याच्यावर पेला ठेवा आणि पुढं चला! पण नाही. दाराची कडी तीनदा बघणारा, शाई वाळली का म्हणून सारखा दौतीत डोकावणारा माणूस हा. बिनचौकशीचा शब्द त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. सहा महिने झाले तरी आम्ही पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर, आणि काका वाळून निम्मे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काका पुस्तक मिटून माझ्यासमोर बसले. "मास्तर, काहीच आठवंना झालंय हो." बिचाऱ्याला जरा धीर द्यावा म्हणून मी शाळेतला जाडा कोश आणला आणि 'क्लार्क'ची कूळकथा सांगितली. मूळ ग्रीक, अर्थ वाटणीचा हिस्सा; मग देवाच्या वाट्याचे म्हणून पाद्री; लिहिणं-वाचणं पाद्र्यांनाच येई म्हणून लिहिणारा तो क्लार्क; आणि शेवटी कचेरीतला कारकून. काका ऐकता ऐकता ताठ बसले. "म्हणजे हे आमचंच घर की! आजोबा वैजापुरात भिक्षुकी करायचे, वडलांनी दौत घेतली. मास्तर, हा शब्द आपला माणूस निघाला!" कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते हसले, आणि मी मूर्ख स्वतःवर खूश झालो.

पेपरात रजेचा अर्ज लिहायचा होता. 'मी क्लार्क आहे' एवढं त्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मग, मिसल अर्धवट राहू नये म्हणून, उरलेला सगळा वेळ उर्दूत क्लार्कची वंशावळ मांडली. संध्याकाळी मला म्हणाले, "एकही पिढी सोडली नाही बघा." मी कपाळाला हात लावला. कुठली अवदसा आठवली आणि तो कोश आणला, असं मला आजही वाटतं.

महिन्याभरानं कचेरीतून इंग्रजी पत्र आलं. काका ते घेऊन माझ्याकडं आले. मी हात पुढं केला, तर म्हणाले, "थांबा, मी वाचतो." चष्मा लावून, शब्दाशब्दावर बोट ठेवत त्यांनी नोकरी संपल्याच्या त्या चार ओळी वाचल्या. कुठंही अडले नाहीत. आता बोट थांबेल, आता विचारतील, हा शब्द आला कुठून, म्हणून मी वाट बघत होतो. त्या दिवशी त्यांनी विचारलं असतं तर मी पहाटेपर्यंत सांगत बसलो असतो. त्यांनी पत्राची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "येतो मास्तर."