मागच्या इंजिनाची पूजा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मेकॅनिकलची पदवी आहे माझी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यामुळे निपाणीच्या तंबाखूवाल्या आप्पांची जुनी रेसची गाडी उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा ती जुळवायचं काम मी हट्टानं घेतलं. मनात एकच होतं, चालू झाली की ती आपण चालवायची.

गाडी म्हणजे लांबट काकडीला चार चाकं आणि एकाच माणसापुरती जागा. युद्ध संपल्यावर इंग्लंडात पेट्रोलचे वांदे होते, तेव्हा हौशी पोरांनी शेडमध्ये असल्या गाड्या बांधल्या. मोटरसायकलचं इंजिन घेतलं आणि सीटच्या पाठीमागं बसवलं, कारण तिथनं चेन मागच्या चाकांना लगेच पोचते. सोय बघितली, बस्स. मोठ्या गाड्यावाले आधी हसले, पुढं त्यांनीही आपली इंजिनं मागं नेली. हे वाचून मला लई बरं वाटलं होतं. आपल्याकडं अशा गाड्या मोजक्याच आल्या. त्यातली ही एक आप्पांनी तरुणपणी मद्रासकडं शर्यतीत पळवलेली. नंतर ती तंबाखूच्या वखारीत पडून राहिली. सगळी खोलून धुतली, तरी तंबाखूचा वास काही गेला नाही.

खंडेनवमीला सुरू करायचं ठरलं.

"पैला मी बसणार," आप्पा म्हणाले. गाडी त्यांची, मान त्यांचा.

पूजेला आई आलती. तिनं गाडीच्या नाकाला हळद-कुंकू लावलं.

"आई, इंजिन मागं आहे."

"मग फुडं काय हाय?"

"चालवणाऱ्याचे पाय."

"असूं दे. पायांस्नी बी लागतंय." आणि मागं जाऊन तिनं झेंडूची अख्खी माळ इंजिनावर घातली.

आप्पा बसायला गेले. एक पाय आत गेला, दुसरा गेला, कमरेपाशी काम अडलं.

"आप्पा, गाडी आटली की वो," आमचा फिटर म्हणाला.

"गाडी हाय तेवढीच हाय. मीच जेवत गेलो."

दोघांनी धरून त्यांना वर काढलं. फिटर त्यांच्याहून आडवा. मग मीच विचारलं, "आप्पा, मी बसू?"

"चालवशील गं?"

"जुळवलीय मी. चालवीन की."

त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बस."

या गाडीला सेल्फ नाही, ढकलूनच सुरू करायची. सुट्टीचा रिकामा रस्ता, सगळ्यांनी रेटा दिला, आणि कर्रर्र करून गाडी थांबली. चेननं माळ गिळली होती. पक्कड घेऊन आम्ही पाकळी पाकळी ओढून काढली. आईपण वाकलेली. "मला काय ठावं, साकळी फुलं खातीया म्हनून," ती म्हणत होती.

दुसऱ्या रेट्याला पाठीमागं धडधड सुरू झाली. बरगड्यांत हादरे. समोर लांब बॉनेट नाहीच, बुटकं नाक, पुढं नुसता रस्ता आणि डावी-उजवीकडं पळणारी दोन चाकं. मी मोठ्यानं हसत होते, पण मला स्वतःलाच ते ऐकू येत नव्हतं.

वळून परत आले. इंजिन बंद करून उतरणार, तोवर आप्पांनी हात हलवून बसून राहा म्हणून सांगितलं आणि जवळ येऊन कानाशी ओरडले, "बंद करू नको. अजून एक मार. मी कायम आतच असायचो गं, पळताना कशी दिसती ते कधी बघितलंच न्हाय."